रिबेरोसाहेबांचा उष्टा पाइप

आमच्या घरात तंबाखूला कधी कोणी शिवलं नाही. अण्णा साधी सुपारीही खात नसत, आणि आईला तर शेजारच्या आजोबांच्या हुक्क्याचा वास गच्चीवर आला तरी डोकं चढायचं. अशा घरात चौदाव्या वर्षी माझ्याकडे एकोणीस पाइप होते. पाण्याचे नव्हेत, ओढायचे. साहेब लोक तोंडात धरतात ते. आजही पाहुणे माझ्या बैठकीतल्या काचेच्या कपाटासमोर थबकतात आणि हळूच विचारतात, "तुमच्या मिस्टरांचे का?" मिस्टर बिचारे जन्मभर बडीशेप खात आले. मी "माझेच" म्हणते आणि त्यांच्या चेहऱ्याची मजा बघत बसते. या वयात करमणुकीची साधनं तशी कमीच असतात.

अण्णा दातांचे डॉक्टर होते. साताऱ्याहून शिकायला म्हणून कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. भवानीपुरात ट्रामच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर होतं. खाली दवाखाना आणि वर आम्ही तिघं. पायाने चालवायच्या ड्रिलची घरघर खालून वर यायची आणि आईच्या फोडणीचा वास वरून खाली जायचा. तोंड वासून खुर्चीत बसलेल्या माणसाला हिंग-जिऱ्याचा वास म्हणजे केवढी शिक्षा! एका पेशंटने तर गालात कापसाचे बोळे असतानाच "आज क्या बना है?" असं विचारलं होतं. आई कलकत्त्यात राहत होती, पण कलकत्त्याला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. मोहरीचं तेल उंबऱ्याबाहेर, भाजणी साताऱ्याहून पोस्टाने. पोहे मात्र नाइलाजाने तिथलेच घ्यावे लागत. दर रविवारी चाळणीत पोहे भिजवताना ती साऱ्या बंगालला बोल लावायची, "हे काय पोहे? पाणी बघितलं की लगदा!" माझ्या मराठीचंही तिला तेवढंच दुःख होतं. बंगालीत पाणी 'खातात', म्हणून मीही शाळेतून आल्यावर "आई, पाणी खाते" म्हणायचे, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पिते म्हण गं! खातात ती भाकरी!"

पाइपांचं मूळ अण्णांच्या एका नियमात होतं. दात काढला की जखमेवर रक्ताची गुठळी धरावी लागते. माणूस पाइप ओढायला लागला की ती गुठळी निघून येते, आणि मग जे ठणकतं त्याला तोड नाही. अण्णा हे समजावून सांगत, साहेब लोक "येस, येस, डॉक्टर" म्हणत, आणि दाराबाहेर पडल्या पडल्या काडी ओढत. तिसऱ्या दिवशी गाल धरून परत हजर! शेवटी अण्णांनी ठरवलं, आधी पाइप जमा करायचा, मगच चिमटा हातात घ्यायचा. मग निमाईदा, म्हणजे आमचा कंपाउंडर, त्या पाइपाला नावाची चिठ्ठी बांधायचा आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवून कुलूप घालायचा. चार दिवसांनी जखम तपासून पाइप परत. बजबजच्या तागाच्या गिरणीतला एक दांडगा स्कॉच साहेब नुसता पाइप सोडवून न्यायला लोकल गाडीने आलेला मी पाहिलेला आहे. खण उघडल्यावर त्याने पाइप असा काही छातीशी धरला की निमाईदाने तोंड फिरवून घेतलं.

ते दिवस साहेबांच्या जाण्याचे होते. एकेक घर आवरत होतं, ट्रंका बांधल्या जात होत्या. मंगळवारी दात काढायचा आणि शुक्रवारी बोटीवर चढायचं, अशा घाईत पाइप खणातच राहून जायचा. अण्णांनी काहींना पत्रं टाकली. दोघांची उत्तरं आली, तुम्हीच ठेवून घ्या म्हणून. खण भरला, बंद होईना, तेव्हा निमाईदाने विचारलं, "डाक्तारबाबू, हे फेकू का?" मी तिथेच बाकावर बसून अभ्यासाचं नाटक करत होते. मी म्हटलं, "मला द्या." का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. वस्तू सुंदर होत्या एवढंच. लाकडातल्या रेषा कुठे ज्वाळांसारख्या वर गेलेल्या, कुठे पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके. आमच्या घरात नुसतं बघत राहावं अशी दुसरी वस्तू नव्हती.

पहिला पाइप घेऊन मी जिना चढले तर आई वरच उभी.

"काय गं ते हातात?"

"पाइप. अण्णांनी दिला."

"कुणाचा?"

"एका साहेबाचा. तो विलायतेला गेला."

"म्हणजे उष्टा! ह्या बघ, दातांच्या खुणासुद्धा आहेत ढळढळीत. आहेस तिथेच थांब, आत पाऊल टाकू नकोस."

मी थांबले. एकीकडे मी जिन्यावर, दुसरीकडे आई दारात. अण्णांनी खालून मध्यस्थी केली. तह असा झाला की पाइप वर यायचा तर रिठ्याच्या पाण्याने घासून, गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवून, आणि दातांच्या खुणा पूर्ण नाहीशा करून यायचा. आईच्या लेखी उष्टेपण त्या खुणांतच होतं. घासून वास जाईल, पण दुसऱ्याने चावलेलं ते चावलेलंच.

दोन दिवसांच्या उन्हाने व्हायचं ते झालं. तोंडात धरायची काळीभोर नळी कुजक्या मोहरीसारखी पिवळट-हिरवी पडली. मी रडकुंडीला आले. अण्णा मात्र पोट धरून हसले. म्हणाले, "अगं, हे जुन्या कवळ्यांचं रबर. पूर्वी आम्ही याच्याच कवळ्या करायचो. उन्हात ठेवलं की याचा रंग जातो आणि गरम पाण्यात टाकलं की मऊ पडतं. ये, दाखवतो." आणि त्यांनी मला कवळ्या घासायच्या चकतीपुढे बसवलं. पायाखालची पट्टी दाबली की चकती फिरते. आधी बारीक कानशीने दातांच्या खुणा काढायच्या, मग पाय घासायच्या दगडाची वस्त्रगाळ पूड ओली करून चोळायची, शेवटी खडू आणि तेल. महिन्याभरात माझा हात असा बसला की निमाईदा म्हणाला, "तुमि तो मिस्त्री होये गेछो!" मिस्त्री झालीस की तू! हे शिफारसपत्र मला पुढे डेंटल कॉलेजच्या कुठल्याच प्राध्यापकाकडून मिळालं नाही. माझ्या एकाही पाइपावर कुठल्याही साहेबाचा एकही दात उरला नाही, याचा मला कोण अभिमान!

पाइपांच्या आकारांना खरी नावं असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून आईनेच नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी. सरळ उभ्या वाडग्याचा तो 'मापटं'. गोल गरगरीत तो 'लोटी'. वर रुंद, खाली निमुळता तो 'फुलपात्र'. हातभर दांडीचा तो 'पळी'. "मालू, तुझी पळी जिन्यात पडलीय, उचल," असं ती ओरडली की खाली बसलेल्या पेशंटांना वाटायचं, ही मुलगी घरकामात भारी तरबेज आहे.

आणि मग रिबेरोसाहेब आले. हावड्याच्या रेल्वेत गार्ड होते. ठेंगणे, गोल, पांढऱ्या गणवेशाची बटणं पोटावर ताणलेली. नाव गोव्याकडचं, पण तीन पिढ्या हावड्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेल्या, त्यामुळे इंग्रजी आणि हिंदी यांची त्यांनी स्वतःची अशी खिचडी केली होती. डाव्या बाजूचे वरचे-खालचे मिळून चार दात सडलेले. अण्णा म्हणाले, एकेक करून काढू, हिरडी भरू दे, मग त्या जागी नकली दातांची प्लेट बसवू. तोवर पाइप बंद, दोन महिने.

"दो महीना!" साहेब खुर्चीतून उठलेच. "डॉक्टर, एक काम करो. दाँत सब ले लो, पाइप छोड़ दो."

अण्णा बधले नाहीत. निमाईदाने चिठ्ठी बांधली, खण बंद झाला. त्यानंतर दर गुरुवारी साहेब ठरल्या वेळेच्या तासभर आधी येऊन बाकावर बसत आणि निमाईदाला म्हणत, "बाबा, सिर्फ पकड़ने को दो. पियूँगा नहीं." निमाईदा ढिम्म. एका गुरुवारी मला त्यांची दया आली. मी वर गेले आणि माझे पाइप मांडलेलं परातीएवढं ताट घेऊन खाली आले.

साहेबांनी ताट मांडीवर घेतलं आणि गालावर धरलेला हात खाली आला. "ये सब किसका?"

"मेरा."

"तू पीती है?"

"छी!"

ते एवढे हसले की टाका दुखला. मग त्यांनी एकेक पाइप उचलायला सुरुवात केली. मी आमची नावं सांगत गेले. मापटं, लोटी, फुलपात्र. प्रत्येक शब्दाचा अर्थ हातवारे करून समजावला. त्यांनी ते सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुड नेम्स. लेकिन इनका असली नाम भी सुनो." मापटं म्हणजे बिलियर्ड. लोटी म्हणजे ॲपल. फुलपात्र म्हणजे डब्लिन. पळी म्हणजे चर्चवॉर्डन, चर्चची राखण करणारा. खिडकीबाहेर काढून चर्चमध्ये बसल्या जागी ओढता यावा म्हणून एवढा लांब.

गुरुवारचा तो एक तास माझी शाळा झाली. खऱ्या शाळेत मी गणितात काठावर पास होत असे, इथे मात्र एकही धडा दोनदा सांगावा लागला नाही. साहेबांची पद्धत ठरलेली होती. आधी पोट, म्हणजे तंबाखूचा वाडगा बघायचा, मग मान, म्हणजे लाकडी दांडी, आणि शेवटी तोंड, म्हणजे काळी नळी. पोट सरळ उतरतंय की फुगतंय? फुगवटा वर आहे, मध्ये आहे, की तळाशी? मान गोल आहे की चपटी? तोंडापेक्षा मान लांब असेल तर तो कॅनेडियन, मग पोट कसंही असो. "पेट देख के सब बोलते हैं, गर्दन कोई नहीं देखता," ते म्हणायचे. आजही मी नवा पाइप हातात घेतला की माझा अंगठा आधी मानेवर जातो. माझी नात मोबाइलवर फोटो काढते आणि क्षणात आकाराचं नाव वाचून दाखवते. बहुतेक वेळा बरोबर असतं. कॅनेडियनला मात्र तिचा मोबाइल बिलियर्ड म्हणतो, आणि मला गुदगुल्या होतात.

मग परीक्षा. साहेब ताटावर रेल्वेचा हिरवा झेंडा पांघरायचे आणि मी खाली हात घालून, न बघता नाव सांगायचं. बाकावरची पेशंट मंडळी दुखणं विसरून माना पुढे काढत. एकदा एक बंगाली गृहस्थ स्वतःचा नंबर आला तरी उठेनात. "डाक्तारबाबू, आगे खुकीर परीक्षा होक," आधी मुलीची परीक्षा होऊ द्या, म्हणाले. मी त्या दिवशी सगळे बरोबर ओळखले, फक्त एक सोडून. ॲपलला मी पॉट, म्हणजे बसक्या पोटाचा दुसराच पाइप, म्हटलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आज गाड़ी लेट."

त्यांचा स्वतःचा पाइप बुलडॉग आकाराचा. बसकं पोट, खाली निमुळतं, मधून दोन रेघा कोरलेल्या, चौकोनी मान. आईला मी तो खणातून आणून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हा तर भोवरा!" साहेबांना हे नाव फार आवडलं. लग्नात त्यांच्या बायकोने, म्हणजे मेमसाहेबांनी, दिलेला पाइप तो. वीस वर्षं दुसरा घेतला नाही. नळीवर डाव्या बाजूला वरून एक आणि खालून एक असे खोल खड्डे पडलेले, जवळजवळ आरपार. साहेब डोळे मिचकावत सांगायचे, "मेरी वाइफ बोलती है, रिबेरो, ये पाइप है कि कुत्ते का हड्डी? एक दिन तो साफ करो, मैन!"

ते ऐकलं आणि माझं ठरलं. साहेबांच्या दातांची प्लेट बसेल त्या दिवशी पाइप असा चकचकीत करून हातात द्यायचा की मेमसाहेब बघतच राहतील. दात काढून झाले होते, हिरडी भरली होती, अण्णांनी जबड्याचा दगडी प्लास्टरचा साचा घेतला होता आणि त्यावर प्लेट घडवायला सुरुवात केली होती. निमाईदाला मस्का लावून मी खणातून पाइप काढला. खड्डे एवढे खोल की कानस दोन दिवस चालवावी लागली. मग पूड, खडू, तेल. नळी नव्यासारखी झाली, आरशासारखं तोंड दिसायला लागलं. संत्र्याच्या पातळ कागदात गुंडाळून मी तो उशाशी ठेवला.

गुरुवार आला. प्लेट डबीत तयार होती. साहेब आले नाहीत. गाडी लेट असेल, अण्णा म्हणाले. पुढच्या गुरुवारीही आले नाहीत. शनिवारी रेल्वेतलाच एक पेशंट सांगत आला, रिबेरो गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. हृदय. मी वर जाऊन गादीत तोंड खुपसून रडले. माझी आजी गेल्याची तार आली होती तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते, आणि त्याची मला लाजही वाटली. ती डबी अण्णांच्या कपाटात तशीच राहिली. तिचं काय करायचं हे कोणीच कोणाला विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी मेमसाहेब आल्या. काळा झगा, हातात बाजाराची पिशवी, डोळे कोरडे. अण्णांशी थोडं बोलल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टर, उसका पाइप आपके पास है. वो दे दो. घर में सब धुल गया, कपड़ा, चादर, सब. पड़ोसवालों ने धो दिया. वो पाइप रह गया है. उसके दाँत का निशान है उस पर." आणि त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, कुठे ते.

अण्णा म्हणाले, "मालू, आण गं."

मी जिना चढले. उशाशी कागद होता, कागदात पाइप होता, आणि पाइपावर कोणीच नव्हतं. खाली येऊन सांगितलं, "सापडत नाहीये." अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मेमसाहेबांना म्हणाले, "संडे को हम खुद लेके आएँगे." त्या गेल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्यापुढे चार दिवस होते आणि डोक्यात एकच विचार. बाईंना त्यांचा नवरा परत हवा होता, जेवढा उरला होता तेवढा, आणि तो मी कानशीने घासून टाकला होता. शुक्रवारी दवाखान्याच्या फळीवर नजर गेली आणि मी टुणकन उडी मारली. रिबेरोसाहेबांच्या जबड्याचा साचा! वरचा आणि खालचा, चिठ्ठीसकट. शनिवारी दुपारी मी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि नळी त्यात धरली. जळक्या रबराचा वास घरभर झाला.

आई पाटावर जेवायला बसली होती. "काय शिजवतेस?"

"पाइप."

"त्या गेलेल्या माणसाचा?" ती ओरडणार होती, पण माझा चेहरा बघून थांबली. मग मी सगळं सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं की ती नेहमीप्रमाणे अण्णांच्याच ताटात जेवत होती. त्यांनी टाकलेली चटणी, त्यांचा राहिलेला आमटीचा ओघळ, त्यातच तिचा भात.

"आई, हे अण्णांचं उष्टं नाही का?"

"नवऱ्याचं कसलं गं उष्टं!" ती फटकन म्हणाली आणि पुढचा घास हातातच राहिला. पातेल्यातल्या पाइपाकडे बघत म्हणाली, "घासायला मीच लावलं तुला." मग जेवण अर्धं टाकून उठली आणि बेसन भाजायला घेतलं. आईला वाईट वाटलं की ती लाडू करायची.

नळी मऊ पडल्यावर मी ती साच्याच्या दातांत धरली आणि सारा जोर लावून दाबली. साच्याचा एक टवका उडाला, पण खुणा उठल्या. वर एक, खाली एक. थंड पाण्यात धरून पक्क्या केल्या. मला वाटलं, जमलं! संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी मी तो अण्णांपुढे ठेवला. त्यांनी दिवा ओढून घेतला आणि छोटा आरसा लावून पेशंटाचा दात बघावा तसा तो पाहिला.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "पण मला सांग, या खुणा कुठल्या दातांच्या?"

"साहेबांच्या. त्यांच्याच साच्यावरून केल्यात."

"साचा मी दात काढल्यावर घेतला. ज्या दातांनी वीस वर्षं हा पाइप चावला ते तर मी स्वतः उपटले. मग हे कुठले?"

मी साच्याकडे पाहिलं. डावी बाजू सपाट होती. मी विचार न करता उजव्या बाजूने दाबलं होतं, कारण तिथे दात होते.

"त्यांना कळेल?" मी विचारलं.

"नाही कळणार. त्या काही दातांच्या डॉक्टर नाहीत." अण्णांनी आरसा पुसून ठेवला. "उद्या दहाला निघू. काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

मी रागावले त्यांच्यावर. वडील माणसाने अशा वेळी एक काहीतरी सांगावं, रागवावं, नाहीतर गप्प बस म्हणावं. पुढे माझ्या पेशंटांशी खरं बोलायची वेळ यायची तेव्हा मला ते आठवायचे, आणि तेव्हाही थोडा रागच यायचा.

रविवारी ट्रामने पूल ओलांडून आम्ही हावड्याला गेलो. माझ्या मांडीवर लाडवांचा डबा, फ्रॉकच्या खिशात पाइप. विटांची बैठी क्वार्टर्स, दारात रॉकेलच्या डब्यांत लावलेले क्रोटन. आत एक वेताची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कोणी बसलं नाही. मेमसाहेबांनी लाडू बशीत काढले, स्टोव्हवर चहाचं पाणी चढवलं आणि हात पुढे केला. मी पाइप दिला.

त्यांनी पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगठा सरळ नळीवर गेला, खड्ड्यात बसला आणि तिथेच थांबला. चेहरा असा उजळला की मला बघवेना. "यहीं पे," त्या अण्णांना म्हणाल्या. "देखो डॉक्टर, यहीं पे काटता था. मैं कितना चिल्लाती थी."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. गप्प राहिले असते तर सगळं तिथेच सुखाने संपलं असतं, हे मला त्या वयातही स्पष्ट कळत होतं. पण मेमसाहेबांचा अंगठा त्या खड्ड्यावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, आणि तो खड्डा माझा होता. मला ते सहन होईना. तोंडातून पहिलं वाक्य मराठीत निघालं. त्यांना कळलं नाही. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी भाषांतर केलं नाही.

मग मी हिंदीत म्हणाले, "आंटी, ये निशान नकली है. अंकल का मैंने घिस दिया. मेरे को लगा, साफ करके देगी तो अंकल खुश होगा. बाद में मैंने ये बनाया. अंकल का दाँत इसमें नहीं है." आणि भोकाड पसरलं.

मेमसाहेबांनी पाइप उजेडाकडे धरला, डोळे बारीक करून पाहिला, नखाने खड्डा खरवडला. त्यांचा चेहरा विझला, तो मी पाहिला. मग त्यांनी विचारलं, "तूने साफ किया? उसके वास्ते?"

मी मान हलवली.

"बीस साल मैं बोली साफ करो, साफ करो. हाथ नहीं लगाने दिया." त्या हसल्या असं मला वाटलं, पण ते हसू पुरतं बाहेर आलं नाही. मग त्यांनी पाइप तोंडात घातला, डाव्या बाजूला, आणि डोळे मिटून चावला. नुसता धरला नाही, चावला. जबड्याचं हाड गालावर उठून दिसलं. नळी करकरली तसे अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

चहा उतू गेला. मेमसाहेब उठल्या, स्टोव्ह बंद केला, तीन कपांत चहा गाळला आणि साखरेचा डबा घेऊन माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी विचारलं. दातांत पाइप असल्यामुळे मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा पाइप तसाच घट्ट धरून त्यांनी चमचा वर केला आणि तिसऱ्यांदा, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "शुगर कितना, बेबी?"